खोलीच्या भाड्यात नेमके काय असते : आलिशान हॉटेलांची पार्श्वभूमी

नागपुरातल्या घराघरांत दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीतील सहलीची आखणी सुरू झाली की, रेल्वेची तिकिटे हाती आल्यावर वाद उरतो तो मुक्कामाच्या खर्चाचा. ‘रात्री फक्त पाठ टेकायला खोली हवी, त्यासाठी एवढे पैसे कशाला?’ असे एक जण म्हणतो, तर ‘वर्षातून एकदाच बाहेर पडतो, तेव्हा तरी नीट राहू या’ असे दुसऱ्याचे म्हणणे असते. दोघेही मनापासून बोलत असतात, पण खोलीच्या भाड्यात काय काय समाविष्ट असते याची दोघांची कल्पना वेगळी असते. आलिशान हॉटेलांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, महाग हॉटेलाने प्रत्येक काळात त्या काळी दुर्मीळ असलेली एखादी सोय विकली. ती सोय सर्वत्र पोचली की तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरले नाही, आणि हॉटेलांना दुसरी दुर्मीळ गोष्ट शोधावी लागली.

आपल्याकडे वाटसरूच्या मुक्कामाचे पैसे घेणे ही मुळात अलीकडची रीत आहे. धर्मशाळा पुण्यासाठी बांधल्या जात, सराया राज्यकर्ते उभारत, आणि इंग्रजी अमलात रस्त्यांवर जे डाक बंगले आले ते मुख्यतः सरकारी कामाने हिंडणाऱ्या अंमलदारांच्या सोयीचे होते. खानसाम्याने रांधलेले जेवण आणि डोक्यावर छप्पर, एवढाच तिथला पाहुणचार असे. यात्रेकरू आपली वळकटी आणि शिधा स्वतःबरोबर नेत असे. राहण्याची जागा ही स्वतंत्र विकत घेण्याची वस्तू आहे, ही कल्पना रेल्वे आणि आगबोटींनी प्रवास वाढल्यावरच रुजली.

पाश्चात्त्य देशांत हा बदल थोडा आधी झाला. १८२९ साली बोस्टनमध्ये उघडलेल्या ट्रेमाँट हाउस या हॉटेलात पाहुण्याला स्वतःची, कुलूप असलेली खोली आणि साबण मिळू लागला. त्याआधीच्या खाणावळवजा पथिकाश्रमांत अनोळखी माणसांबरोबर खोली, प्रसंगी बिछानाही वाटून घ्यावा लागे. १८८९ मध्ये लंडनचे सॅव्हॉय हॉटेल विजेचे दिवे आणि विजेवर चालणारे पाळणे, म्हणजे लिफ्ट, घेऊन आले. त्याचे व्यवस्थापन पाहणारे सेझार रिट्झ यांनी १८९८ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले, तेव्हा खोलीला जोडून न्हाणीघर ही त्याची मोठी ख्याती होती. पुढे अवघ्या दहा वर्षांत, १९०८ साली, एल्सवर्थ स्टॅटलर यांनी अमेरिकेतील बफेलो शहरात दीड डॉलरमध्ये न्हाणीघरासह खोली अशी जाहिरात करून तीच सोय फिरत्या विक्रेत्यांच्या आवाक्यात आणली. रिट्झमध्ये राजेरजवाडे ज्यासाठी पैसे मोजत होते ते सामान्य प्रवाशाला दहा वर्षांत मिळू लागले. या एका उदाहरणात पुढच्या सगळ्या इतिहासाची रूपरेषा आहे असे मला वाटते.

भारतातील या इतिहासाचा एक धागा थेट नागपूरला येऊन मिळतो, आणि तो नागपूरकरांनाही फारसा ठाऊक नसतो. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत आली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस, जवळचा कोळसा आणि ही रेल्वे यांचा मेळ पाहून जमशेटजी टाटा यांनी मुंबईऐवजी येथे गिरणी काढली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. या गिरणीच्या यशाने टाटांचे औद्योगिक बस्तान बसले. १८९६ साली प्लेगने मुंबईची रया गेली, माणसे शहर सोडून जाऊ लागली, त्यानंतरच्या काळात जमशेटजींनी स्वतःच्या पैशातून अपोलो बंदरावर हॉटेल उभारण्यास घेतले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल उघडले. एका युरोपीय हॉटेलात प्रवेश नाकारला गेल्यामुळे त्यांनी ताज बांधले ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, पण तिला भक्कम आधार सापडत नाही. खचलेल्या शहराला पुन्हा उभारी द्यावी हा हेतू मला अधिक पटतो. एम्प्रेस मिल पुढे बंद पडली आणि ताज उभे आहे, हे एम्प्रेस मिलच्या जुन्या जागेवरून जाताना मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

ताजने तेव्हा काय विकले हे नीट ध्यानात घ्यायला हवे. विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन पाळणे आणि तुर्की पद्धतीची स्नानगृहे यांतली एकही गोष्ट त्या वेळी मुंबईतल्या सामान्य घरात नव्हती. शिवाय तिथे भारतीय माणूस युरोपीय माणसाच्या शेजारी बसू शकत होता, आणि गोऱ्यांच्या क्लबांचे दरवाजे भारतीय माणसाला बंद असण्याच्या काळात ही जागा मोलाची होती.

स्वातंत्र्यानंतर आलिशान हॉटेल हा सरकारच्याही प्रतिष्ठेचा विषय झाला. १९५६ साली युनेस्कोची परिषद दिल्लीत भरणार म्हणून अशोक हॉटेल बांधले गेले. जयपूरचा रामबाग महाल १९५७ मध्ये आणि उदयपूरच्या तलावातला महाल त्यानंतर काही वर्षांनी हॉटेल झाला. १९७१ मध्ये संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे रद्द झाल्यावर अनेक राजघराण्यांपुढे वास्तू जगवण्याचा दुसरा मार्गच उरला नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या समितीकडून एक ते पाच तारे आणि पंचतारांकित डिलक्स असे वर्गीकरण होऊ लागले. ते ऐच्छिक असते, पाच वर्षांसाठी दिले जाते आणि मुख्यतः खोलीचे आकारमान, उपाहारगृहे, सुरक्षा, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण अशा मोजता येणाऱ्या बाबींवर ठरते. पाहुण्याला रात्री शांत झोप लागेल की नाही हे तारे सांगत नाहीत.

नागपूरची स्वतःची गोष्ट मात्र विश्रांतीच्या पर्यटनाची नाही. हे गाव देशाच्या मध्यावर असल्याने येथे माणूस बहुधा कामाने किंवा गाडी बदलण्यासाठी थांबत आला. आजच्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी झाले आणि स्थानकाच्या आसपास, सीताबर्डीपर्यंत, लॉज व खानावळी वाढत गेल्या. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती परत फिरत. म्हणजे या विमानांतले प्रवासीही येथे येत ते थोडा वेळ थांबण्यासाठीच. १९५६ मध्ये राजधानीचा दर्जा गेला, परंतु १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे होणे ठरले होते. त्यामुळे आजही हिवाळ्यात मुख्यमंत्र्यांचे रामगिरी, मंत्र्यांचे रविभवन आणि आमदार निवास जागे होतात, आणि उरलेला लवाजमा शहरातील हॉटेलांत उतरतो. त्या दिवसांत तीच खोली, तोच पलंग आणि तोच नाश्ता कितीतरी महाग होतो. रिकामी राहिलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, म्हणून मागणी असेल तेव्हा भाव वाढवणे आणि नसेल तेव्हा पाडणे हे या धंद्याचे जुने गणित आहे. पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की वाढीव भावात जादा सोय असतेच असे नाही.

नागपुरात दुर्मीळ होता तो गारवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात आधी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले जाई, मग घरोघर कूलर आले. वातानुकूलित खोली ही बराच काळ मोठ्या हॉटेलाची मिरास होती, आणि उन्हाळ्यात बाहेरगावच्या व्याह्यांना तिथे उतरवणे हा मानपानाचा भाग मानला जाई. आता स्थानकासमोरच्या लॉजमध्येही एसी असतो. गरम पाणी, स्वच्छ चादरी, दूरदर्शन संच आणि इंटरनेट यांचेही तसेच झाले. केमन्स विल्सन यांनी १९५२ साली मेम्फिसमध्ये पहिले हॉलिडे इन काढले ते कुटुंबासह केलेल्या प्रवासात मुलांच्या नावाने आकारलेल्या जादा भाड्याला कंटाळून, आणि आपल्याकडे ताजच्याच समूहाने २००४ मध्ये बंगळुरूत स्वस्त, सुटसुटीत खोल्यांचे हॉटेल सुरू केले, ज्याची साखळी पुढे जिंजर या नावाने वाढली. मधल्या दराच्या हॉटेलात निर्धास्त राहता येते ही आजची स्थिती अशा प्रयत्नांतून आली आहे.

सरकारने चैन कशाला म्हटले त्याचाही एक इतिहास आहे. १९८७ च्या खर्च कर कायद्याने माणशी दिवसाला ४०० रुपये किंवा अधिक भाडे असलेल्या हॉटेलांतील खर्चावर १० टक्के कर बसवला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा महागड्या खोल्यांवर २८ टक्के दर होता. ऑक्टोबर २०१९ पासून ७५०० रुपयांवरील खोलीला तो १८ टक्के झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर लागतो. म्हणजे ७५०० रुपयांची खोली करासह ७८७५ रुपयांना पडते आणि ८००० रुपयांची ९४४० रुपयांना. भाड्यातला फरक पाचशेचा, बिलातला १५६५ रुपयांचा. या रेषेच्या किंचित वर असलेली खोली घेणे मला बहुतेक वेळा अनाठायी वाटते.

मग आज मोठी रक्कम मोजून काय मिळते? जागा, शांतता आणि माणसांचे श्रम, कारण मोठ्या हॉटेलात खोलीमागे सरासरी एकाहून अधिक कर्मचारी असतात. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या उपभोगायला हॉटेलात वेळ काढावा लागतो. सकाळी सातला बाहेर पडून रात्री नऊला परतणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला त्यांतले फार थोडे येते. वेळेच्या बाबतीत तर स्थानकाजवळचे साधे लॉज अनेकदा उजवे ठरते. तिथे २४ तासांचा हिशेब असतो, तर मोठ्या हॉटेलात दुपारी दोनला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या आत सोडावी लागते. एका सहलीत आमची गाडी पहाटे पाचला पोचली आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईला त्या हॉटेलच्या दिवाणखान्यात सकाळभर बसून राहावे लागले. तिथली फुलांची आरास फार सुंदर होती. तिला हवा होता तो एक पलंग. त्या दिवसापासून मी खोली घेताना सर्वांत आधी गाडीची वेळ पाहतो.

सेवेची गुणवत्ता पैशानेच येते, हा समजही विदर्भातल्या माणसाने तरी धरू नये. शेगावच्या गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात अल्प दरात खोली मिळते, आणि तिथली स्वच्छता व सेवेकऱ्यांची नम्रता पाहून आलेला माणूस पुढे कुठेही गेला तरी मनातल्या मनात तुलना करतो. तिथे चोचले पुरवले जात नाहीत आणि ते मागायला कोणी जातही नाही. सेवाभावावर उभी असलेली ही व्यवस्था धंद्याला जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे मान्य आहे. पण स्वच्छ फरशी आणि आदराने बोललेला शब्द यांना तारे लागत नाहीत, हे तिथे रोज दिसते.

या सगळ्याचा कस लागतो तो ताडोब्यात. मोहर्लीच्या किंवा कोलाराच्या प्रवेशद्वाराजवळ महागडी रिसॉर्ट आहेत आणि गावकऱ्यांची घरगुती निवासस्थानेही आहेत. वनखात्याचे सफारीचे शुल्क मुक्कामाच्या जागेवरून ठरत नाही; दोन्हीकडचे पाहुणे त्याच रांगेतून, तशाच उघड्या जिप्सीतून आत जातात आणि वाघ कोणाला दिसेल हे भाड्यावर अवलंबून नसते. तरीही मे महिन्यात, जेव्हा पाणवठे आटतात आणि वाघ दिसण्याची शक्यता वाढते, तेव्हा सकाळची सफारी संपल्यापासून दुपारची सुरू होईपर्यंतचे तास असह्य असतात. त्या वेळी बरोबर म्हातारी माणसे किंवा लहान मुले असतील, तर जाड भिंतींची गार खोली, दाट सावली आणि पोहण्याचा तलाव यांसाठी मी आनंदाने जादा पैसे देईन, कारण रानात त्या आठवड्यांत तेच दुर्मीळ असते. डिसेंबरात मात्र तेच तास मोहर्लीतल्या घराच्या अंगणात कोवळे ऊन खात, घरच्या भाकरी-पिठल्यावर सुखात जातात, आणि वाचलेल्या पैशांत आणखी एक सफारी होऊ शकते.