ब्रूकलँड्स: आधी ट्रॅक, मग म्युझियम

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात वेब्रिजजवळ ब्रूकलँड्स म्युझियम आहे. आत गाड्या एकसे एक आहेत, पण मला विचाराल तर आधी बघावी ती बाहेरची काँक्रीटची भिंत, म्हणजे 1907 च्या मोटार रेसिंग ट्रॅकचं उरलेलं वळण.

तेव्हा इंग्लंडच्या रस्त्यांवर ताशी 20 मैलांची मर्यादा होती. फ्रान्स-इटलीत रस्ते बंद करून रेस व्हायच्या, इथे तसं काहीच नाही, मग नवी गाडी पळवून बघायची तरी कुठे? ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदारानं 1906 मध्ये स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या पैशानं ट्रॅक काढायला घेतला, पावणेतीन मैलांचा, वळणावर बाहेरची कड जवळजवळ 30 फूट उंच चढवलेला. खर्च हाताबाहेर गेला, टेन्शननं तो आजारी पडला आणि काम तडीस नेलं ते त्याची बायको एथेल हिनं. हे नाव जास्त घेतलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. 17 जून 1907 ला ट्रॅक उघडला तेव्हा मिरवणुकीत सगळ्यात पुढची गाडी तीच चालवत होती.

एवढ्या तिरक्या उतारावर तेव्हा डांबर बसवणं जमण्यासारखं नव्हतं म्हणून काँक्रीट ओतलं, ते पुढे खचत गेलं आणि भरधाव गाड्या उंचवट्यावरून अक्षरशः हवेत उडायच्या. रेसर जॉन कॉबच्या नेपियर-रेल्टन या रेसिंग कारचा चारही चाकं जमिनीपासून सुटलेला फोटो बघाच. 24 लिटरचं विमानाचं इंजिन आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना! 1935 मध्ये कॉबनं तिच्यावर ताशी 143.44 मैलांचा लॅप मारला, तो रेकॉर्ड तसाच राहिला, कारण 1939 मध्ये युद्ध आलं आणि रेसिंग कायमचं थांबलं.

विमानांचे कारखाने तिथे आधीपासून होतेच, युद्धात ते इतके वाढले की कामासाठी ट्रॅकच मधून फोडला, आणि 1946 मध्ये सगळी जागा विमानं बनवणाऱ्या व्हिकर्स कंपनीला विकली. म्हणून म्युझियममध्ये रेसिंग कारशेजारी वेलिंग्टन बॉम्बरही दिसतं. ट्रस्ट झाला 1987 मध्ये, लोकांसाठी म्युझियम उघडलं 1991 मध्ये. नेपियर-रेल्टन मधल्या काळात विमानांच्या ब्रेक-पॅराशूटच्या (उतरताना वेग कमी करणाऱ्या पॅराशूटच्या) टेस्टिंगलाही वापरली गेली, आणि 1997 मध्ये म्युझियमनं ती विकत घेऊन परत त्याच वळणाजवळ आणली.