कायबॅबच्या दऱ्यांत हरणाच्या शिकारीला निघण्यापूर्वी

गेल्या काही हंगामांत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कायबॅब पठारावर शिकारीला जाण्यासाठी आमच्याकडून तंबू, सॅक आणि स्वयंपाकाचे साहित्य भाड्याने नेणारे बरेच ग्राहक ठरलेल्या दिवसानंतर एक-दोन दिवसांनी परतले. प्रत्येकाने सांगितलेले कारण जवळपास एकच होते: हरीण मिळाले, परंतु ते वर आणण्यास अंदाजाच्या तिप्पट वेळ लागला. फोनवर हीच माहिती आम्ही पुनःपुन्हा देत आलो आहोत, म्हणून ती येथे एकदा सविस्तर लिहून ठेवत आहोत. ॲरिझोनाचा शिकारीचा परवाना, ड्रॉमधून (सोडतीतून) मिळालेला टॅग, म्हणजे हरीण मारण्याची परवानगी, आणि बंदुकीचा सराव या गोष्टी आपल्याजवळ आहेत, असे गृहीत धरले आहे.

आमचे बहुतेक मराठी ग्राहक सह्याद्रीत गड चढून तयार झालेले आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाच्या शिकारीचा अनुभव कोणाच्या गाठीशी असण्याचे कारण नाही, त्यामुळे डोंगराचा अंदाज ते गडावरच्या सवयीनेच बांधतात. गडावर सकाळी ताज्या दमाने चढ संपतो आणि थकल्यावर उतार वाट्याला येतो. दरीत हे नेमके उलटे असते. कायबॅब पठाराच्या पश्चिम कडेला, कनॅब क्रीक या ओढ्याच्या बाजूला, गाडी वरच्या काठावर उभी राहते, पहाटेच्या गारव्यात माणूस रिकाम्या सॅकने झपाट्याने खाली उतरतो, आणि दिवसातली सगळ्यात कठीण चाल त्याच्यासमोर येते तेव्हा तो थकलेला असतो, पाणी संपत आलेले असते आणि पाठीवर ओझे असते.

हे ओझे किती असते, हे आधीच समजून घ्यावे. येथील म्युल डिअर जातीच्या हरणाच्या पूर्ण वाढलेल्या नराचे हाडे काढलेले मांस साधारणतः तीस ते पस्तीस किलो भरते. शिंगांसह डोके आणायचे असल्यास त्याचे वजन वेगळे. बंदूक, पाणी, गरम कपडे यांचे दहा-बारा किलो पाठीवर आधीपासून असतातच. सहाशे मीटर खोल उतरलेल्या माणसाला हे सर्व घेऊन सहाशे मीटर चढायचे असते, म्हणजे अतकरवाडीकडून सिंहगड चढावा एवढी उंची, आणि तीही मळलेल्या पायवाटेशिवाय. दोघे असाल तर एका खेपेत कसेबसे जमते. एकट्याला मांसाच्याच दोन खेपा लागतात, आणि मुक्काम खाली टाकला असेल तर तंबू-पथारीची तिसरी. ऑक्टोबरच्या अखेरीस दिवस लहान असतो, त्यामुळे एका खेपेला एक अख्खा दिवस धरावा, असा आमचा आग्रह आहे. मी स्वतः पहिल्या वर्षी हा हिशेब केला नव्हता, आणि काठापासून हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या जागेवरून माल वर आणण्यास मला दोन दिवस लागले होते.

ही चूक घरी, नकाशासमोर बसूनच होते. मोबाईलवरील नकाशात दोन ठिकाणांमधील सरळ रेषेचे अंतर सव्वा किलोमीटर दिसते आणि ग्राहक त्यावर वेळ ठरवतात. येथील खडकाचे थर मात्र पायऱ्यांसारखे आहेत: वर कायबॅब चुनखडक, त्याखाली टोरोवीप, मग कोकोनिनो वालुकाश्माचा उभा कडा, त्याखाली हर्मिट शेलचा घसरडा उतार आणि नंतर एस्प्लनेडचा रुंद सपाट टप्पा. कडा जेथे तुटला असेल तेथूनच खाली जाता येते, आणि अशी दोन तुटलेली ठिकाणे एकमेकांपासून बरीच लांब असू शकतात. अमेरिकी भूसर्वेक्षणाच्या १:२४,००० नकाशात समोच्च रेषांमधील अंतर साधारणतः चाळीस फुटांचे असते, म्हणून तीस फुटांचा कडा त्या नकाशात दिसेलच असे नाही, आणि माणसाला थांबवण्यास तेवढा कडा पुरेसा असतो. म्हणून उतरण्याच्या वाटेऐवजी ओझ्यासह चढता येईल अशी वाट प्रथम शोधा, शक्य तर एक दिवस आधी जाऊन ती रिकाम्या हाताने वरपर्यंत चढून पाहा, आणि जेथून ओझ्यासह परतता येणार नाही अशा जागी हरीण कितीही चांगले दिसले तरी गोळी झाडू नका.

मांस थांबत नाही, हेही लक्षात असू द्यावे. काठावर पहाटे गोठवणारी थंडी असली तरी खालच्या टप्प्यावर दुपारी ऊन चांगलेच तापते. कातडे लगेच उतरवून, मांस हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगावे. प्लास्टिकच्या पिशवीत ते गुदमरून वास धरते. मागे उरणारे अवशेष गिधाडे खातात. व्हर्मिलियन क्लिफ्स येथे १९९६ पासून सोडलेल्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर या दुर्मिळ गिधाडांची वस्ती याच भागात आहे आणि अवशेषांत राहिलेले गोळीतील शिशाचे कण पोटात गेल्याने हे पक्षी मरतात. म्हणून शिसे नसलेल्या गोळ्या वापराव्यात, अशी आमची मनापासून विनंती आहे.

चाकांची गाडी भाड्याने मिळेल का, असे वारंवार विचारले जाते. कनॅब क्रीक हे १९८४ पासून संरक्षित वाइल्डरनेस (नैसर्गिक स्थितीत राखलेले) क्षेत्र आहे आणि तेथे मोटारगाडीप्रमाणेच हातगाडीलाही बंदी आहे, म्हणून त्या भागासाठी आम्ही ती देत नाही. आमच्याकडे मार्गदर्शकाचा परवाना नसल्यामुळे आम्ही शिकारीला सोबत येत नाही. नकाशावर वाट आखून देण्यास मात्र आम्ही तासभर बसतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

परतीचा दिवस लेखी घेतल्याशिवाय आम्ही सॅक देत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. त्यामागे दोन कारणे आहेत. आपण वेळेवर आला नाहीत तर शोध कोठे सुरू करावा हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे, आणि त्याच सॅकची वाट पाहणाऱ्या पुढच्या ग्राहकाचाही टॅग ठरावीक दिवसांचाच असतो. म्हणूनच आम्ही शिकारीच्या दिवसांवर दोन दिवस वाढवून नोंदणी करण्यास सांगतो आणि त्या दोन दिवसांचे भाडे निम्मे घेतो. फ्रेमची सॅक, चार कापडी पिशव्या आणि सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र) एकत्र घेतल्यास मेसेंजरचे भाडे आकारत नाही, कारण दरीत मोबाईलला रेंज नसते.

युटा राज्याच्या सीमेजवळील फ्रिडोनिया गावी साहित्य परत घेण्याची वेळ ॲरिझोनाच्या घड्याळाप्रमाणे असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत युटाचे घड्याळ एक तास पुढे असते आणि सीमेजवळ मोबाईल आपोआप ती वेळ दाखवू लागतो, म्हणून निघण्यापूर्वी मोबाईलमधील वेळ फिनिक्सवर (ॲरिझोनाच्या राजधानीच्या वेळेवर) पक्की करून घ्यावी.