थेरियन: पन्नाशीत पोचलेली पहिली पिढी

मांजराच्या तोंडाचा कोरा पांढरा मुखवटा विकत मिळतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी तो आणते, ॲक्रिलिक रंगाने त्यावर पट्टे ओढते, कानांच्या आत गुलाबी फेल्ट चिकटवते. लोकरीचे धागे कापून, विंचरून, फुलवून शेपटी करते आणि कमरेला अडकवते. मग हातपाय टेकून घरामागच्या गवतावर धावते, ओंडक्यावरून उडी मारते. मैत्रीण मोबाइलवर ते टिपत असते. अमेरिकेपासून रशियापर्यंत गेल्या काही वर्षांत हे दृश्य ओळखीचं झालं आहे. आईबाप घाबरतात, शेजारी हसतात, आणि बातमीत ‘नवं खूळ’ असं छापून येतं.

नवं आहे ते मुखवटा आणि मोबाइल एवढंच. ‘थेरियन’ हा शब्द त्या मुलीच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. तो स्वतःसाठी पहिल्यांदा वापरणाऱ्यांपैकी बरेच जण आज पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांची गोष्ट माहीत नसताना या मुलांबद्दल बोललं जातं, आणि ते मला फार खटकतं.

थेरियन म्हणजे, आपलं शरीर माणसाचं आहे हे पक्कं ठाऊक असूनही आपण आतून एखादा प्राणी आहोत असं ज्याला सतत, मनापासून वाटतं तो. त्या प्राण्याला ‘थेरिओटाइप’ म्हणतात. बहुतेकांचा लांडगा, कुत्रा किंवा मार्जारकुळातला एखादा प्राणी असतो. पक्षी, सरडे, हरणंही असतात. अधूनमधून ती जाणीव उफाळून येते, तिला ‘शिफ्ट’ म्हणतात. कुणाला नसलेली शेपटी खुर्चीच्या पाठीला दबल्यासारखी वाटते, कुणाला मोठा आवाज झाला की कान मागे पडल्याचा भास होतो. हात तुटलेल्या माणसाला त्या हाताची बोटं जाणवतात, तशातलंच हे वर्णन. ‘फरी’ मंडळींशी यांची गल्लत नेहमी होते. माणसासारखं बोलणाऱ्या-चालणाऱ्या प्राणीपात्रांची आवड असणारे ते फरी. ती आवड आहे, छंद आहे. थेरियन स्वतःबद्दल ‘मी हा आहे’ असं म्हणतो. दोन्ही असणारेही असतात, पण गोष्टी दोन आहेत.

शब्दाचं मूळ ग्रीक आहे. ‘थेरिऑन’ म्हणजे रानटी श्वापद, ‘अँथ्रोपोस’ म्हणजे माणूस. एकोणिसाव्या शतकात डच धर्माभ्यासक कॉर्नेलिस टीले यांनी अर्धे पशू, अर्धे मानव अशा देवांच्या संदर्भात या दोन शब्दांपासून झालेलं ‘थेरिअँथ्रोपिक’ हे विशेषण वापरलं. पुरातत्त्वातही ते रुळलं. जर्मनीत १९३९ साली एका गुहेत सापडलेली, सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीची हस्तिदंती सिंह-मानवाची मूर्ती अभ्यासकांच्या भाषेत ‘थेरिअँथ्रोप’च आहे. नागा टेकड्यांत सेमा लोकांपैकी काहींचा जीव बिबट्यात जातो, या समजुतीवर ब्रिटिश अधिकारी जे. एच. हटन यांनी १९२० साली लिहिलं होतं. मराठी वाचकाला खंडोबाचा वाघ्या आठवेल. तो स्वतःला देवाचा कुत्रा मानतो. काही ठिकाणी, विशेषतः कर्नाटकातल्या मैलारच्या परंपरेत, भुंकण्याचा आणि कुत्र्यासारखं खाण्याचा विधीही आहे, आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी त्याची नोंद केली आहे. पण वाघ्याचं कुत्रं होणं देवापायी असतं, नवसातून आणि परंपरेतून येतं, आणि गावाला त्याचा अर्थ कळतो. थेरियनच्या मागे ना देव, ना नवस, ना गाव. म्हणूनच त्याला आपल्यासारखी माणसं शोधावी लागली, आणि ती सापडली संगणकाच्या जाळ्यात.

नोव्हेंबर १९९२. युजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या लेखी चर्चागटांच्या जुन्या जाळ्यावर, ‘ऑल्ट डॉट हॉरर डॉट वेअरवुल्व्ज’ नावाचा चर्चागट सुरू झाला. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा सर्वसामान्यांपर्यंत पोचलं नव्हतं. गट निघाला होता मानव-लांडग्यांच्या भयकथा आणि चित्रपट यांवर गप्पा मारायला. पण थोड्याच काळात काहींनी लिहायला सुरुवात केली की आम्हाला कथेत रस आहेच, पण आम्ही स्वतःच असे आहोत. एकानं लिहिलं की दुसऱ्याला धीर आला. सुरुवातीला ही मंडळी स्वतःला नुसतं ‘वेअर’ म्हणत, ‘वेअरवुल्फ’ म्हणजे मानव-लांडगा, त्यातला पहिला तुकडा. पण चित्ता किंवा अस्वल असलेल्याला लांडग्याचा शब्द कसा चालणार? म्हणून ‘थेरिअँथ्रोप’ आला आणि बोलण्याच्या ओघात त्याचा ‘थेरियन’ झाला. १९९४ साली अमेरिकेत ओहायो राज्यात या लोकांनी पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटून, रानात राहून मेळावा केला. अशा मेळाव्याला ते ‘हाउल’ म्हणतात, म्हणजे लांडग्याचं ते लांबलचक ओरडणं. पडद्यावरच्या अक्षरांतून ओळख झालेली माणसं शेकोटीभोवती बसली आणि समोरच्याचा चेहरा त्यांना पहिल्यांदा दिसला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. १९९२ साली युजनेट कुणाच्या हाती होतं? विद्यापीठातले विद्यार्थी, संशोधक, संगणक कंपन्यांतले नोकरदार. घरातल्या दहा वर्षांच्या पोराच्या हाती नव्हतंच. थेरियन ही ओळख मुलांच्या खेळातून निघून मोठ्यांपर्यंत गेलेली नाही. ती कमावत्या-शिकत्या प्रौढांमध्ये शब्दबद्ध झाली आणि साधनं स्वस्त होत गेली तशी खालच्या वयाकडे उतरली. १९९३ च्या सप्टेंबरपासून युजनेटवर नवख्यांचा लोंढा सुरू झाला. घरोघरी इंटरनेट आलं तेव्हा कॉलेजातली पोरं आली, मग शाळेतली, आणि टिकटॉकच्या काळात पाचवी-सहावीतली. आजचं थेरियनचं चित्र लहान मुलाचं दिसतं कारण व्हिडिओ लहान मुलं टाकतात. चाळिशीतला थेरियन शेपटी लावून नाचत नाही. तो ऑफिसला जातो.

खालच्या वयाकडे उतरताना सगळं सुरळीत झालं असंही नाही. २००० नंतरच्या दशकात ‘मी खरोखर शरीरानंही लांडगा होतो’ असा दावा करून पोरांना नादी लावणारे निघाले. त्यांना उत्तर म्हणून जुन्या लोकांनी नव्यांची कडक उलटतपासणी सुरू केली. तुला केव्हापासून वाटतं, हाच प्राणी कशावरून, आवडतो म्हणून तर म्हणत नाहीस? या प्रश्नांमागे काळजी होती, पण पंधरा वर्षांच्या मुलाला ते कोर्टातल्यासारखं वाटत असणार. कित्येक जण दारातूनच परत फिरले. २००३ साली ग्रीक थीटा आणि डेल्टा ही अक्षरं एकात एक गुंफून थेरियनांचं चिन्ह तयार झालं. थीटा ‘थेरियन’साठी, डेल्टा बदलासाठी. आजच्या मुलांच्या वह्यांवर, बिल्ल्यांवर तेच असतं. पण त्या काळचं लिखाण बरंचसं राहिलं नाही. जिओसिटीजसारखी मोफत पानांची सेवा २००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बंद पडली तेव्हा त्या पिढीनं स्वतःबद्दल लिहिलेलं किती पुसलं गेलं कोण जाणे. त्यामुळे प्रत्येक नवी तुकडी आपणच पहिले आहोत असं समजून सुरुवात करते.

आता वयाबद्दल. चार वर्षांचं पोर कुत्रा होऊन पलंगाखाली बसतं, ताटलीतून पाणी पितं. त्याला थेरियन म्हणायचं कारण नाही. तो खेळ आहे आणि सगळीच मुलं तो खेळतात. पुढे थेरियन झालेले मात्र मागे वळून सांगतात की बाकीची मुलं खेळ संपल्यावर उठली, मी उठलो नाही. अनेकांना यातलं वेगळेपण कळतं ते वयात येताना. शरीर बदलत असतं, आरशातलं माणूस परकं वाटायला लागतं, आणि त्याच सुमारास शब्द सापडतो. त्याला ते ‘अवेकनिंग’ म्हणतात, जाग येणं. हा टप्पा सगळ्यात गोंगाटाचा. रोज नवा थेरिओटाइप, आज कोल्हा, उद्या रानमांजर. पौगंडावस्था म्हणजे ‘मी कोण’ हे चाचपून बघण्याचं वय, हे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच मांडलं होतं. चाचपणाऱ्यांपैकी पुष्कळ जण वर्ष-दोन वर्षांत बाहेर पडतात. त्यात त्यांचं काही बिघडत नाही आणि त्यांनी खोटं सांगितलं असंही होत नाही.

हातपाय टेकून धावण्याला ‘क्वाड्रोबिक्स’ म्हणतात. तो प्रकार मुळात थेरियनांचा नव्हे. जपानच्या केनिची इतो यांनी २००८ साली १०० मीटर अंतर चार पायांवर १८.५८ सेकंदांत कापून गिनीज विक्रम केला आणि २०१५ साली तो १५.७१ सेकंदांवर आणला. त्यांनी धाव शिकली माकडांकडे बघून. मनगटं आणि खांदे यांवर बराच ताण येतो, हे मात्र धावणाऱ्या पोरांच्या आईबापांनी ध्यानात ठेवावं.

हे वेड आहे का, हा प्रश्न ओघानं येतोच. आपण प्राणी झालो आहोत किंवा होत आहोत अशी भ्रमावस्था वैद्यकाला माहीत आहे. डच मनोविकारतज्ज्ञ यान डिर्क ब्लोम यांनी २०१४ साली जुनं वाङ्मय चाळलं, तेव्हा १८५० पासून अशा रूपांतराच्या भ्रमाची ५६ प्रकरणं मिळाली आणि त्यातली लांडगा-कुत्र्याच्या रूपाची १३. दीडशेहून अधिक वर्षांत एवढीच. भ्रमातल्या रुग्णाला आपल्या हातावर खरोखर केस उगवलेले दिसतात. थेरियनला आपला हात माणसाचा दिसतो, आणि त्याचं दुःख असलं तर नेमकं तेच असतं. इंग्लंडमध्ये नॉर्थँप्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये थेरियनांच्या सविस्तर मुलाखतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि २०१९ मध्ये मोठ्या गटाची मानसशास्त्रीय पाहणी प्रसिद्ध केली. त्यात थेरियनांमध्ये ऑटिझमची लक्षणं इतरांपेक्षा जास्त दिसली आणि माणसांशी नातं जोडण्यात अडचणी दिसल्या, पण एकूण आयुष्य कोलमडलेलं दिसलं नाही. माझ्या मते पालकांनी पकडायचा धागा हाच आहे. शेपटी काढून घेण्यापेक्षा पोराला वर्गात कुणी मित्र आहे का ते बघावं.

बाहेरच्या जगात मात्र या ओळखीची भीतीच जास्त पसरली. २०२१-२२ मध्ये अमेरिकेत अफवा उठली की शाळा मुलांसाठी मांजरांचे वाळूचे डबे ठेवतात. राजकारण्यांनी ती भाषणांत घेतली. तपासात कुठल्याही शाळेत तसं आढळलं नाही. कोलोरॅडोतल्या एका शालेय जिल्ह्यात वर्गांत मांजरांची वाळू होती खरी, पण ती गोळीबाराच्या वेळी मुलं तासन् तास वर्गात कोंडली गेली तर बादलीत वापरायला ठेवली होती. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं वाचवेना. २०२४ मध्ये रशियात चार पायांवर धावणाऱ्या मुलांविरुद्ध कायद्याची मागणी झाली, २०२५ मध्ये टेक्सासमध्ये शाळेत प्राण्यासारखं वागण्यावर बंदीचं विधेयक आलं. याचा परिणाम मुलांइतकाच मोठ्यांवर झाला. प्रौढ थेरियन आधीच नोकरीपायी गप्प असतात. आता लहान मुलांशी बोललो तर संशय येईल म्हणून ते अंतर राखतात. ज्यांच्याकडे तीस वर्षांचा अनुभव आहे ते बोलत नाहीत, आणि ज्यांना तो हवा आहे ते फोनवर एकमेकांनाच विचारतात.

त्या अनुभवात काय असतं? कुत्रा म्हातारा होतो तेव्हा आधी नाकाभोवतीचे केस पांढरे होतात. त्यावरून वयस्क थेरियनांना ‘ग्रेमझल’ म्हणतात, आणि आदरानं म्हणतात. चाळिशी ओलांडलेल्यांच्या सांगण्यात सहसा गोंगाट नसतो. शिफ्ट येतात, पण ‘आली’ असं कुणाला सांगावंसं वाटत नाही. संध्याकाळी कुत्र्याला घेऊन टेकडीवर जावं, वाऱ्यावरचा वास घ्यावा, घरी यावं. जोडीदाराला कधी सांगितलेलं असतं, कधी नसतं. ओळख गेलेली नसते, ती अंगात मुरलेली असते.

आणि मग म्हातारपणाचा एक प्रश्न उरतो, जो बारा वर्षांच्या मुलीला पडत नाही. रानातला लांडगा साधारण सहा-आठ वर्षं जगतो, तेराच्या पुढे क्वचितच जातो. म्हणजे पंचावन्न वर्षांचा माणूस जेव्हा आपण लांडगा आहोत म्हणतो, तेव्हा कुठल्याही लांडग्यानं न पाहिलेलं वय तो जगत असतो. गुडघे दुखतात तेव्हा ते कुणासारखे दुखतात? याचं उत्तर पहिल्या पिढीनंच शोधायचं आहे, कारण त्यांच्या पुढे कुणी गेलेलं नाही. ओहायोतल्या त्या शेकोटीनंतर काही महिन्यांतच, १९९५ च्या जानेवारीत, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात खरे लांडगे पुन्हा आणले गेले. तिथल्या कळपांच्या लढायांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली आणि २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. संख्येचा फायदा होतोच. पण त्याहून जास्त फायदा होतो तो कळपात सहा वर्षांवरचा एक लांडगा जास्त असला तर. त्या वयात त्याची ताकद कमी झालेली असते. पण कुठं भिडायचं आणि कुठून मागे फिरायचं ते त्याला ठाऊक असतं.