नर्सिंगला जायचंय? मग हिपॅटायटिस बीचा पहिला डोस प्रवेशाआधीच घ्या

नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी म्हटलं की घरात जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाइलची धावपळ सुरू होते. लसींची आठवण होते ती कॉलेजने मेडिकलचा फॉर्म हातात ठेवल्यावर. बाकीचे दाखले थोडा पाठपुरावा केला की मिळतात. हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या लसीचा कोर्स मात्र सहा महिन्यांचा असतो आणि तिथे कुणाची ओळख कामाला येत नाही.

आधी पात्रता थोडक्यात. बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. वय किमान १७ पूर्ण हवं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला कोणत्याही शाखेची बारावी चालते. या सगळ्यांत ‘वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त’ ही अट असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार विद्यार्थ्यांची दरवर्षी आरोग्य तपासणी, धनुर्वात व हिपॅटायटिस बीचं लसीकरण आणि प्रत्येकाची आरोग्य नोंद ही सोय कॉलेजने करायची असते. म्हणून प्रवेश घेताना ‘लस कॉलेजतर्फे मिळते का?’ हे बिनधास्त विचारा. त्यापुढच्या लसींबाबत प्रत्येक कॉलेजचा, हॉस्पिटलचा नियम वेगळा, तेव्हा माहितीपुस्तक नीट वाचा.

आता मुख्य मुद्दा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: आज एक, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. बारावीचे पेपर संपताच मार्चमध्ये सुरुवात केली तर एप्रिल आणि सप्टेंबर असा हिशेब बसतो. इंजेक्शन दंडावर घ्यायचं, कमरेत नाही. मधे डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते, राहिलेला घ्यायचा आणि पुढे जायचं. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर ही रक्ततपासणी करून घ्या. रिपोर्टमध्ये आकडा १० किंवा त्याहून जास्त असला की संरक्षण मिळालं असं धरतात. रिपोर्टवर ‘अँटी-एचबीएस’च आहे ना, हे लॅबमधून निघण्याआधी बघा. नावं इतकी सारखी आहेत की घाईत एचबीएसएजी होऊन जाते, आणि ती तपासणी संसर्ग आहे का ते सांगते, संरक्षण नाही.

लहानपणी ही लस घेतलेल्यांचा टायटर आता १०च्या खाली येऊ शकतो. घाबरू नका, बहुतेकदा एक बूस्टर घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं की आकडा वर आलेला असतो. या सगळ्याचा उपयोग काय, तर वॉर्डात रुग्णाला वापरलेली सुई चुकून टोचली की ‘तुमचा टायटर किती?’ हा प्रश्न पहिला येतो. टायटरचा कागद फाईलला असला तर पुढचा निर्णय मिनिटांत होतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तरी सगळं संपलं असं नसतं. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दीर्घ आजार असलेल्या विद्यार्थ्याबाबत निर्णय त्या त्या कॉलेजवर सोडलेला आहे, त्यामुळे लपवण्यापेक्षा डॉक्टरांचं पत्र घेऊन बोललेलं बरं.

गोवर-रुबेलाचं बोलायचं तर नोव्हेंबर २०१८च्या शाळांमधल्या मोहिमेत तुम्हाला ‘एमआर’ टोचली असेल. तिच्यात गालगुंड नाही. कॉलेजने ‘एमएमआर’ (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) मागितली तर दोन डोस, किमान चार आठवड्यांच्या अंतराने. कांजिण्या झाल्या नसतील तर कांजिण्यांच्या लसीचेही दोन डोस. या जिवंत लसी आहेत: गरोदरपणात घ्यायच्या नाहीत, आणि दोन वेगवेगळ्या जिवंत लसी एकाच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने द्यायच्या असतात. धनुर्वात-घटसर्पाची ‘टीडी’ प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते; दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती घेतली असेल तर नोंद शोधा.

क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे किंवा मँटू चाचणी (हाताच्या कातडीत टोचून करतात ती) मागतात. मँटू करायची तर एमएमआरच्या दिवशीच किंवा आधी करा. लस झाली असेल तर चार ते सहा आठवडे थांबावं लागतं, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. हातावरची खूण ४८ ते ७२ तासांत दाखवायला परत जायचं असतं. शुक्रवारी टोचून घेतली तर रविवारी-सोमवारी बघणारं कुणी आहे का, हे आधीच विचारा. मोजतात तो कडक झालेला फुगवटा, लाल डाग नव्हे.

कागदांत सगळ्यात मोलाचं ते आईच्या कपाटातलं माता-बाल संरक्षण कार्ड. हरवलं असेल तर उपकेंद्राच्या सिस्टरकडे जुन्या रजिस्टरमध्ये नोंद सापडते का पाहा, नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने टायटर करा किंवा पुन्हा लस घ्या. नव्या प्रत्येक डोसची तारीख, लसीचं नाव, बॅच क्रमांक, सही आणि शिक्का कार्डावर हवाच. ‘लस दिली’ एवढं चिठ्ठीवर लिहिलेलं बऱ्याचदा परत येतं. सोबत टायटर आणि एक्स-रेचे रिपोर्ट, नोंदणीकृत डॉक्टरांचा फिटनेस दाखला (काही ठिकाणी सिव्हिल सर्जनचाच लागतो), फोटो आणि आधारची प्रत.

कार्डावरचं नाव दहावीच्या मार्कशीटसारखंच लिहून घ्या. मूळ कार्ड कॉलेजला देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. पुढे जर्मनीला जायचा विचार असेल तर तिथे आरोग्यसेवेत काम करायला १९७० नंतर जन्मलेल्यांना गोवराच्या लसीचा किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावाच लागतो, आणि तेव्हा हेच कार्ड पुन्हा काढावं लागेल.