जपान बदलला, चीन अडखळला: दोष स्वभावाचा की घडणीचा?

जपान आणि चीन यांना आपण सहज एकाच पंगतीला बसवतो. जपानची लिपी चीनकडून आलेली, कन्फ्यूशियस दोघांकडे, बुद्ध दोघांकडे, वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवणंही दोघांकडे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्यांच्या तोफा दोघांच्याही दारात आल्या. त्यानंतर जपान तीस-चाळीस वर्षांत उभा राहिला आणि चीन कितीतरी काळ ठेचकाळत राहिला. असं का, म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: जपानी नकलाकार आणि शिस्तीचे, चिनी गर्विष्ठ आणि जुनाट. मला हे उत्तर आळशी वाटतं. दोघांचा समाज घडला कसा हे पाहिलं तर बराच जास्त उलगडा होतो.

1876 च्या जानेवारीत जपानचे तरुण राजदूत मोरी आरिनोरी चीनचे ज्येष्ठ मुत्सद्दी ली होंगझांग यांना भेटले. बोलता बोलता विषय कपड्यांवर आला. तुमच्या बाकीच्या सुधारणा मला पटतात, ली म्हणाले, पण पूर्वजांचा पोशाख टाकून युरोपचा अंगावर चढवला हे काही पटत नाही. मोरींचं उत्तर चलाख होतं. हजार वर्षांपूर्वी आमच्या पूर्वजांना तुमचा चिनी पोशाख सरस वाटला म्हणून त्यांनी तो घेतला. आज ते असते तर त्यांनीही आमच्यासारखंच केलं असतं. यातली गंमत अशी, की ली यांच्या पाठीवर रुळणारी वेणी तरी मूळची चिनी कुठे होती? उत्तरेकडून येऊन चीन जिंकलेल्या मांचू राजवटीने 1645 मध्ये ती सक्तीने लादली होती. म्हणजे उसनवारी दोघांकडे होती. जपानला ती आठवत होती आणि तिची लाज वाटत नव्हती. चीनला मात्र आपल्याकडचं सगळं घरचंच वाटायचं.

पण जपानने चीनकडून काय घेतलं यापेक्षा काय घेतलं नाही, हे जास्त महत्त्वाचं.

पहिली गोष्ट परीक्षा. चीनमध्ये सरकारी अधिकारी व्हायचं तर कन्फ्यूशियसचे ग्रंथ पाठ करून, ठरीव साच्यात निबंध लिहून, पायरीपायरीने परीक्षा पार कराव्या लागत. हजाराहून अधिक वर्षं हे चाललं. गरीब घरातला मुलगाही यातून मंत्री होऊ शकत होता, तत्त्वतः तरी. त्यामुळे घरच्या पैशाची, इज्जतीची आणि आयुष्यातल्या उमेदीच्या वर्षांची सगळी गुंतवणूक त्या ग्रंथांत असायची. परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेल्या होंग श्यूच्वानने पुढे ताइपिंग बंड उभारलं आणि त्यात कोट्यवधी माणसं मेली, यावरून त्या परीक्षेचं वजन कळावं. अशा समाजात 1867 मध्ये पेकिंगच्या सरकारी भाषाशाळेत गणित आणि खगोलशास्त्र शिकवायचं ठरलं, तेव्हा वोरेन या बड्या दरबारी विद्वानाने कडाडून विरोध केला. तो मूर्ख नव्हता. नवी विद्या मान्य केली तर आपल्या वर्गाची मिरासदारी जाणार, हे त्याला बरोबर दिसत होतं.

जपानचा सामुराई, म्हणजे लढवय्या वर्गातला माणूस, हाही कन्फ्यूशियस वाचलेला, पण त्याचं पद जन्माने ठरलेलं. पुस्तक बदललं म्हणून पद जात नव्हतं. म्हणून काही जण डच पुस्तकांकडे सहज वळले. 1771 मध्ये सुगिता गेन्पाकु हा वैद्य एदोजवळच्या (आजच्या टोकियोजवळच्या) वधस्थळी शवविच्छेदन पाहायला गेला तो डच शरीरशास्त्राचं पुस्तक बरोबर घेऊन. आतली रचना चिनी वैद्यकाच्या पोथ्यांशी जुळेना, डच चित्रांशी तंतोतंत जुळली. त्याने सहकाऱ्यांबरोबर तीन वर्षं खपून त्या पुस्तकाचं भाषांतर छापलं. जपानची दारं उघडायला लावणाऱ्या अमेरिकन नौदलाच्या पेरीची काळी जहाजं यायला तेव्हा आणखी आठ दशकं होती. उलट ब्रिटनशी झालेल्या अफूच्या युद्धानंतर वेई युआन या चिनी विद्वानाने परदेशांची माहिती देणारा मोठा ग्रंथ लिहिला, तो गाजला जपानमध्ये.

दुसरी गोष्ट राजा. चीनचा सम्राट 'स्वर्गाचा आदेश' असेपर्यंत सम्राट. कारभार बिघडला की आदेश गेला आणि घराणं बदललं. जपानने ही कल्पना घेतली नाही. तिथे घराणं एकच, आणि सत्ता दुसऱ्याच्या हातात. साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे आठवले की क्योतोचा सम्राट आणि एदोचा शोगुन हे नातं मराठी वाचकाला चटकन उमगेल. त्यामुळे 1868 मध्ये शोगुनला हटवणाऱ्यांना आपण बंड करतोय असं म्हणावंच लागलं नाही. सम्राटाची सत्ता त्याला परत देतोय, एवढंच ते म्हणाले. जुन्याच्या नावाखाली त्यांनी सगळं नवं आणलं: 1871 मध्ये संस्थानं खालसा, 1872 मध्ये सर्वांसाठी शिक्षणाचा कायदा, 1873 मध्ये सक्तीची लष्करभरती, 1876 मध्ये सामुराईंची तलवार बंद.

हीच युक्ती कांग यूवेई या सुधारक विद्वानाने चीनमध्ये करून पाहिली. कन्फ्यूशियस स्वतःच सुधारक होता असं त्याने मांडलं आणि जपानचं उदाहरण तरुण सम्राट ग्वांगशूपुढे ठेवलं. 1898 च्या जूनमध्ये फर्मानांचा धडाका सुरू झाला. 103 दिवसांनी राजमाता त्सीशीने सम्राटाला नजरकैदेत टाकलं, सहा सुधारकांची डोकी उडवली गेली. सिंहासन मांचूंचं होतं. सुधारणा म्हणजे चिनी लोकांच्या हाती सत्ता जाणं, ही धास्ती दरबारात होतीच.

तिसरी गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण ती उघड आहे: जपानमध्ये सव्वादोनशेहून जास्त संस्थानं होती, आणि एकाला नको ते दुसरा करू शके. चोश्यू संस्थानाने 1863 मध्ये, परदेशी जाणं हा देहदंडाचा गुन्हा असताना, पाच तरुण गुपचूप इंग्लंडला धाडले. त्यांतला इतो हिरोबुमी 1885 मध्ये देशाचा पहिला पंतप्रधान झाला. चीननेही 1872 पासून 120 मुलं अमेरिकेला पाठवली. ती बेसबॉल खेळतात, वेण्या कापतात, अशा तक्रारी गेल्या आणि 1881 मध्ये सगळ्यांना परत बोलावलं. परतल्यावर संशय वाट्याला आला. 1895 मध्ये जपानशी युद्धात हरलेल्या चीनच्या वतीने ली होंगझांग तहाला बसले, तेव्हा समोर इतो होता.

म्हणून जपानचा मार्ग सुखाचा होता असं मात्र नाही. सामुराईंचं वेतन त्यांच्याच वर्गातल्या लोकांनी बंद केलं आणि 1877 मध्ये सायगो ताकामोरीसारखा 1868 च्या क्रांतीचा नायक आपल्याच सरकारविरुद्ध लढत मेला. शिवाय सम्राटाला देव्हाऱ्यात बसवून सुधारणा केल्या, तर पुढे त्याच नावाने लष्करही बेबंद झालं.

आणि 'स्वभाव' म्हणावं तर तो तरी कुठे टिकला? जपानने 1887 मध्ये सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षेचा नियम केला. चीनने आपली जुनी परीक्षा 1905 मध्ये मोडीत काढली. पुढे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षाही बंद पडली होती. 1977 च्या हिवाळ्यात चीनचा नेता डेंग श्याओपिंगने ती पुन्हा सुरू केली, तेव्हा सुमारे 57 लाख उमेदवार बसले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो जपानला गेला, बुलेट ट्रेनमधून फिरला, कारखाने पाहिले आणि आपण मागे पडलो आहोत, शिकायला आलो आहोत, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं.