जुन्या पिकअपला डिस्क ब्रेकचा मागचा एक्सल

जुन्या पिकअपच्या मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून तिथे डिस्क ब्रेक आणायचे, तर एक मार्ग म्हणजे मागचा अख्खा एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, बदलणे. मागे डिस्क असलेल्या दुसऱ्या गाडीचा, बहुतेक वेळा एखाद्या एसयूव्हीचा, एक्सल डिफरन्शियलसकट (इंजिनाची ओढ दोन चाकांत वाटणाऱ्या गियरसकट) उतरवून पिकअपच्या पाट्यांना (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगना) बांधायचा. जुना एक्सल तसाच ठेवून त्यावर डिस्क, तिला दोन बाजूंनी पॅडने आवळणारा कॅलिपर आणि ब्रॅकेट चढवणे हा याहून लहान आणि वेगळा बदल आहे. कोकण किनाऱ्यावर या विषयाला खास महत्त्व आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पिकअप मासळी, आंबा, चिरा (बांधकामाचा जांभा दगड), सिमेंट असे काहीही वाहतात आणि त्यांच्या मागच्या ब्रेकला पावसाचे पाणी, मासळीचे खारे पाणी आणि घाटातली उष्णता हे तिन्ही सोसावे लागते.

ड्रम आणि डिस्क

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पण तो रस्त्यावर रुळायला अर्धे शतक गेले. १९५३ च्या फ्रान्समधल्या ल मां मोटार शर्यतीत डिस्क लावलेली जॅग्वार जिंकली, १९५५ मध्ये पुढे डिस्क असलेली सित्रोएन डीएस ही मोटार आली आणि मग मोटारींच्या पुढच्या चाकांवरून ड्रम हळूहळू गेला. मालवाहू पिकअपच्या मागे मात्र तो टिकून राहिला, आणि त्याला सबळ कारणे आहेत. ड्रम फिरताना पुढच्या लायनरला (ड्रमला आतून घासून थांबवणाऱ्या पट्टीला) स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे कमी दाबात जास्त पकड मिळते. हँडब्रेकची केबल थेट लायनरना ओढते, वेगळी यंत्रणा लागत नाही. शिवाय सगळे भाग झाकलेले राहतात.

हे झाकलेपणच कोकणात उलटते. भरल्या ओढ्यातून किंवा तुंबलेल्या रस्त्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी आणि जांभ्याचा तांबडा चिखल शिरतो. पाणी लगेच बाहेर पडत नाही आणि चिखल वाळला की लायनर व ड्रम दोन्ही घासतो. त्यानंतर काही वेळा ब्रेक दाबला तरी तो नुसता घसरतो. डिस्क उघडी असल्याने पाणी फेकून देते, उरलेले पॅड पुसून काढतात. उष्णतेचेही तसेच. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, तो लायनरपासून लांब जातो आणि पॅडल खोल जाऊ लागते. डिस्क तापून जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच वाढते, आणि वारा लागून लवकर थंडही होते.

मागे डिस्क लावली की गाडी कमी अंतरात थांबते, असे सर्रास मानले जाते. ते बरोबर नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे जाते आणि थांबवण्याचे मोठे काम पुढची चाके करतात. रिकाम्या पिकअपची मागची बाजू इतकी हलकी असते की सुस्थितीतला ड्रमसुद्धा ती चाके जाम करू शकतो. एकदा जोरात ब्रेक मारून थांबायला किती अंतर लागेल हे टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरते. मागच्या डिस्कचा खरा फायदा दिसतो तो ओल्यात आणि लांब उतारावर, जिथे तोच ब्रेक पुन्हा पुन्हा लावावा लागतो.

घाट आणि बंदर

कोकणातून वर जाणारी पिकअप आंब्याच्या पेट्या किंवा बर्फातली मासळी घेऊन घाट चढते. चढताना कस इंजिनाचा लागतो. ब्रेकचा कस लागतो परतीच्या फेरीत, कारण कोल्हापूर-कऱ्हाडकडून भाजी, साखर, पशुखाद्य भरून तीच गाडी आंबा, कुंभार्ली, करूळ, फोंडा किंवा आंबोली घाट उतरते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय असेल तर सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच जिरते, आणि अशा उतारावर डिस्कही तापून निकामी होऊ शकते. त्यात इंजिन बंद केले तर बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, निर्वात पुरवणारा पंपही थांबतो आणि दोन-चार दाबांनंतर पॅडल दगडासारखे कडक होते. घाट खालच्या गियरमध्ये उतरणे हा उपाय कोणत्याही एक्सलइतकाच मोलाचा आहे.

किनाऱ्यावरचा त्रास वेगळा. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण या बंदरांतून निघालेल्या मासळीच्या गाडीत बर्फ वितळत राहतो. ते खारे पाणी हौद्याच्या फटींतून थेट एक्सलवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ठिबकते. अशा गाडीचा ड्रम उघडला की आत काय दिसते हे इथल्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक आहे: बॅक प्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) कडा पापुद्र्यांसारख्या सुटलेल्या, लायनर ड्रमजवळ ठेवणाऱ्या अॅडजस्टरचे आटे गंजून एकजीव झालेले, आणि हवा काढायचा निपल पान्याला हात लावताच तुटणारा. अॅडजस्टर अडकला की लायनर झिजत जातो, अंतर वाढते आणि ड्रायव्हर म्हणतो, ब्रेक लांब गेला. डिस्कचा विचार बहुतेकदा याच टप्प्यावर सुरू होतो. खरे तर नवे अॅडजस्टर, नवी बॅक प्लेट आणि घासून सारखा केलेला ड्रम एवढ्यानेही बऱ्याच गाड्यांची तक्रार मिटते, आणि हे काम आधी करून पाहिल्याशिवाय एक्सल उतरवू नये.

एक्सलची निवड

या बदलाचे सर्वाधिक परिचित उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्ड रेंजर या पिकअपखाली त्याच कंपनीच्या १९९५ ते २००१ च्या एक्स्प्लोरर एसयूव्हीचा ८.८ इंची क्राउनचा (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चक्राचा) एक्सल घालतात. त्याला मागे डिस्क असते आणि आतले शाफ्ट ३१ दातांचे, म्हणजे रेंजरच्या २८ दातांच्या शाफ्टपेक्षा जाड असतात. तरीही काम सरळ नाही. रेंजरचे पाटे एक्सलच्या वर बसतात, एक्स्प्लोररचे खाली. म्हणून पाट्यांच्या बैठका कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात. डिफरन्शियलही मधोमध नसून एका बाजूला सरकलेले आहे. एकाच घरातल्या दोन गाड्यांची ही कथा, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये किती मोजमाप लागेल याचा अंदाज यावा.

भारतात अखंड एक्सल आणि मागे डिस्क हे दोन्ही असलेल्या एसयूव्ही थोड्या. टाटा सफारी स्टॉर्म आणि महिंद्रा स्कॉर्पिओ-एन ही नावे चटकन आठवतात. या दोन्हींच्या मागे कॉइल स्प्रिंग आणि दांड्या आहेत, पाटे नाहीत. म्हणजे दांड्यांचे ब्रॅकेट कापायचे आणि पाट्यांच्या बैठका नव्याने बनवायच्या. त्याहून मोठा प्रश्न वजनाचा. एसयूव्हीचा एक्सल माणसे आणि त्यांचे सामान धरून बनवलेला असतो, पिकअप सव्वा टन आणि त्याहून जास्त माल वाहते. ज्या एक्सलमध्ये चाक थेट शाफ्टवर टांगलेले असते, त्यात गाडीचे वजनही शाफ्ट उचलतो. तो तुटला तर चाक निखळून बाहेर येऊ शकते. अवजड गाड्यांच्या एक्सलमध्ये वजन हबमार्फत (चाकाच्या मधल्या भागामार्फत) एक्सलच्या बाहेरच्या नळीवर येते, शाफ्ट फक्त फिरवतो. चिरा वाहणाऱ्या गाडीला एसयूव्हीचा एक्सल घालू नये. असा बदल केलेली गाडी ब्रेक सुधारूनही आधीपेक्षा धोकादायक होते. हलक्या मालाच्या किंवा घरगुती वापराच्या जुन्या पिकअपपुरताच तो विचारात घ्यावा.

बाकीची मापे गाडी उभी असतानाच घ्यावीत: चाक जिथे टेकते त्या दोन पृष्ठभागांमधली रुंदी, पाट्यांमधले अंतर, चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ आणि क्राउन व त्याला फिरवणारे छोटे चक्र, म्हणजे पिनियन, यांचे गुणोत्तर. गुणोत्तर बदलले की वेग, डिझेलचा खप, घाटातली ओढ आणि बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटरचा आकडा असे सगळेच बदलते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचे आणि मागचे गुणोत्तर एकच असावे लागते, नाहीतर पुढे-मागे ओढ वाटणारा गियरचा डबा, म्हणजे ट्रान्सफर केस, ताणाखाली येऊन फुटू शकतो. डिस्क आणि कॅलिपर रिमच्या आत मावतात का, हेही रिम लावून बघायचे.

बसवणे

कामाचा कस पिनियनच्या कोनात आहे. दोन्ही टोकांना साधे क्रॉस जॉइंट (कोनात वळणारे सांधे) असलेल्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये, म्हणजे गियरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या दांड्यात, गियरबॉक्सचा आणि पिनियनचा अक्ष एकमेकांना समांतर असावा लागतो. ओढ पडली की पाटे पिळवटून पिनियनचे नाक थोडे वर उचलतात, म्हणून ते एखाद-दोन अंश खाली ठेवून बैठक पक्की करतात. कोन चुकला तर ठरावीक वेगाला हौदा थरथरतो आणि क्रॉस वारंवार जातात.

बैठका आधी फक्त टाके मारून धरतात. मग गाडी चाकांवर उतरवून, तिचे पूर्ण वजन पाट्यांवर येऊ देऊन कोन पुन्हा मोजतात आणि त्यानंतरच एक्सल काढून पूर्ण वेल्ड करतात. वेल्ड सलग मारायचे नाही. थोडे या बाजूला, थोडे त्या बाजूला, मध्ये निवू देत. नळी तापून वाकली तर बेअरिंग आणि ऑइल सील थोड्याच दिवसांत जातात. वेल्डिंगची अर्थ वायर कामाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही. एक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट जुने वापरू नयेत.

कॅलिपर लावताना एक चूक वरचेवर होते. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला तर हवा काढायचा निपल खाली येतो. मग कितीही ब्रेक ऑइल ओतले तरी हवा वरच अडकून राहते आणि पॅडल स्पंजासारखे दबते. निपल नेहमी सर्वांत वर हवा.

ब्रेकचा तोल

एक्सल बदलून काम संपत नाही, कारण जुनी हायड्रॉलिक यंत्रणा ड्रमसाठी आखलेली असते. कॅलिपरच्या पिस्टनला ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागते, त्यामुळे पॅडलने ऑइल ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरवर पॅडल खाली जाऊ शकते. काही जुन्या गाड्यांत मागच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमला तो हवा असतो, डिस्कवर मात्र तो पॅड सतत टेकवून ठेवतो आणि चाक तापते. डिस्कमध्ये ड्रमसारखी स्वतःहून ओढ नसल्याने तिला दाबही जास्त लागतो. म्हणजे मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नव्याने जुळवावा लागतो.

अनेक पिकअपमध्ये हा व्हॉल्व्ह मालाच्या वजनानुसार चालतो. चॅसीवर व्हॉल्व्ह आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली. माल भरला की चॅसी खाली येते, दांडी सरकते आणि मागे जास्त दाब मिळतो. नव्या एक्सलवर दांडीची जागा बदलली, तर व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी किंवा कायम भरलेली वाटते. कायम भरलेली वाटली तर पावसात रिकाम्या गाडीची मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. कोकणात जास्त माल टाकता यावा म्हणून एखादा पाटा वाढवण्याची पद्धत आहे. तिचाही या व्हॉल्व्हवर परिणाम होतो: गाडी भरूनही उंचच राहते, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि नेमका गरजेच्या वेळी मागचा ब्रेक कमी लागतो. हा दोष ड्रम असलेल्या गाड्यांतही आहे.

तपासणी रस्त्यावर करू नये. मोकळा, सपाट, ओला सडा (जांभ्याचे पठार) मिळाला तर तो उत्तम. कमी वेगापासून सुरुवात करून, आधी रिकाम्या आणि मग भरल्या गाडीने ब्रेक लावून पाहायचे आणि बाहेर उभ्या माणसाने कोणते चाक आधी थांबते ते सांगायचे. पुढचे आधी थांबले पाहिजे. दोन्हींपैकी एकाही स्थितीत मागचे आधी थांबत असेल तर गाडी रस्त्यावर आणू नये.

हँडब्रेक

दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडलासारख्या फेरीबोटींच्या उतरत्या धक्क्यावर भरलेली गाडी उभी करताना हँडब्रेकचे मोल कळते. डिस्कच्या एक्सलमध्ये तो दोन प्रकारे येतो: डिस्कच्या पोटात बसवलेला छोटा ड्रम, किंवा कॅलिपरचा पिस्टन स्क्रूने ढकलणारी यंत्रणा. मालवाहू गाडीला पहिला प्रकार अधिक भरवशाचा, कारण तापलेली डिस्क थंड होऊन आक्रसली की दुसऱ्या प्रकारात पकड सैल पडू शकते. केबलची लांबी आणि ओढ दोन गाड्यांची क्वचितच जुळते, ती बनवून घ्यावी लागते. हँडब्रेकशिवाय केलेला बदल अपुरा आणि बेकायदा आहे.

कायदा आणि पासिंग

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. मालवाहू गाडीच्या प्रमाणपत्रात एक्सलनिहाय वजनाची नोंद असते, त्यामुळे एक्सल बदलणे हा लायनर बदलण्याइतका साधा मामला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग (परिवहन खात्याची योग्यता तपासणी) लागते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. म्हणून पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारून मगच भंगारातून एक्सल घ्यावा.

खाऱ्या हवेतली देखभाल

डिस्क पाण्यात बरी असली तरी मिठापुढे तिचेही चालत नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या की एकच पॅड घासत राहतो आणि डिस्क एका बाजूने खाल्ली जाते. मासळीच्या गाडीला रोज गोड्या पाण्याने खालून धुणे, पिनांना ब्रेकचे खास ग्रीस लावणे आणि पोलादी नळ्यांऐवजी तांबे-निकेलच्या नळ्या घालणे याने आयुष्य वाढते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ या प्रतीचे ऑइल ताजे असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळते, ओल धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. पावसाळाभर कोकणात फिरलेल्या गाडीचे ब्रेक ऑइल दिवाळीच्या आसपास बदलावे, म्हणजे आंब्याच्या हंगामात घाटाच्या फेऱ्या सुरू होतील तेव्हा ते ताजे असते.