डबकं नेमकं कुठलं? मलेरिया आणि पर्यावरणाची मागची गोष्ट

मलेरिया म्हटलं की घाण पाणी, गटार, डास हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलंय, पण ते अर्धंच खरंय. गटारावर घोंगावणारा डास बहुतेक वेळा क्युलेक्स असतो, मलेरियावाला ॲनोफिलीस वेगळा, त्याला शक्यतो स्वच्छ पाणी लागतं, आणि त्याच्याही प्रत्येक जातीची आवड वेगळी.

हा ताप पाण्याच्या आसपास येतो हे लोकांना मलेरियाचा परजीवी (रक्तात राहून ताप आणणारा सूक्ष्म जीव) सापडायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. नावच बघा ना, इटालियनमध्ये 'माला आरिया' म्हणजे खराब हवा, दलदलीवरून येणारी. कारण चुकलं, जागा बरोबर होती! मग १८८० मध्ये लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरनं अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी बघितला, १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरला सिकंदराबादला तो डासाच्या पोटात दिसला, आणि बऱ्याच जणांना वाटलं की आता दलदल बुजवा, झाडी तोडा, विषय संपला.

मलायात (आजच्या मलेशियात) क्लांगला माल्कम वॉटसन या ब्रिटिश डॉक्टरनं १९०१ पासून झाडी काढून पाण्याचा निचरा केला आणि तिथे मलेरिया खरंच खाली आला, पण टेकड्यांवर रबराच्या मळ्यांसाठी जंगल तोडलं तिथे उलटंच झालं, कारण तिथला मॅक्युलेटस जातीचा ॲनोफिलीस डास उन्हातल्या स्वच्छ ओढ्यात वाढतो, सावली गेली की त्याची चांदीच.

श्रीलंकेचं तर अजून विचित्र. १९३४-३५ ची तिथली भयंकर साथ पाऊस जास्त झाला म्हणून नाही तर कमी झाला म्हणून आली. एरवी भरून वाहणाऱ्या नद्या आटल्या, पात्रात डबकी साचली, त्यात क्युलिसिफेसिस जातीचा ॲनोफिलीस डास बेसुमार वाढला, आणि एरवी मलेरिया फारसा नसलेल्या भागातल्या लोकांच्या अंगात प्रतिकारशक्तीच नव्हती. साधारण ८० हजार माणसं गेली.

तापमानाचं गणित सरळ आहे. मलेरियाच्या सगळ्यात घातक परजीवीला, फाल्सिपेरमला, डासाच्या पोटात तयार व्हायला २५ अंशाला साधारण १२ दिवस लागतात, २० अंशाला तीन आठवड्यांच्या वर, आणि डास बिचारा जगतोच दोन-तीन आठवडे, म्हणजे थंडीत परजीवी तयार व्हायच्या आत डासच मरतो. हवा कोरडी असेल तर अजून लवकर. त्यामुळे थंड डोंगराळ भागात एक-दोन अंशांनीही फरक पडतो.

आता नवीन डोकेदुखी म्हणजे स्टीफेन्सी, ॲनोफिलीसचीच एक जात. हा मूळचा दक्षिण आशियातला आणि आसपासचा, शहरातल्या टाक्यांत, विहिरींत, हौदांत आरामात वाढतो, दलदल वगैरे लागतच नाही. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीला सापडला, त्या वर्षी त्या देशात मलेरियाच्या २७ केसेस होत्या, २०२० मध्ये ७३ हजारांच्या वर. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांतला मानला जायचा, आणि हा डास राहतो शहरात, पाणी साठवून ठेवणाऱ्या घरांच्या गच्चीवर.